टांकसाळीतील चूक आणि नंतरचा घाव : नाणे कसे पारखावे

विचित्र दिसणारे नाणे हाती आले की त्याची किंमत किती येईल हा प्रश्न बाजूला ठेवून, ते असे होण्याजोगी जागा टांकसाळीत आहे का, हे आधी विचारावे. नाणे घडताना पत्र्यातून गोल चकती कापली जाते, तिचा काठ किंचित उचलला जातो आणि मग कॉलर नावाच्या कड्यात ती बसवून वरच्या व खालच्या ठशांमध्ये एकाच दाबाने दोन्ही बाजूंची छाप उमटवली जाते. या टप्प्यांपैकी कुठेही जे घडू शकत नाही, ते नाणे बाहेर पडल्यानंतर झालेले असते.

तपासणीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, तिरपा उजेड, त्याच प्रकारचे एक निर्दोष नाणे आणि 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा एवढे पुरते. काटा जवळ नसल्यास ओळखीच्या सराफाकडे वजन करून घ्यावे. जळगावात तरी ती अडचण येऊ नये. 2011च्या मालिकेतील एक रुपयाचे ठरलेले वजन 3.79 ग्रॅम, दोन रुपयांचे 4.85 ग्रॅम आणि दहा रुपयांचे 7.71 ग्रॅम आहे.

सर्वांत जास्त फसवणूक ‘लाखी’ नाण्यात होते, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहू. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि त्यावर पुढची चकती आली, की त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीची उंच छाप येते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी व खोल उमटते. सारंगखेड्याच्या यात्रेत एका विक्रेत्याकडून मी लाखी म्हणून एक रुपयाचे नाणे घेतले होते. घरी भिंगाखाली धरले तेव्हा खोल, उलट्या अक्षरांच्या खाली मूळच्या आकड्याची चेपलेली कड दिसली आणि दुसऱ्या बाजूचे सिंहही सपाट झालेले आढळले. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात दाबली, की नेमके असेच होते. खऱ्या लाखीत खोल छापेखाली दुसरी कोणतीही छाप नसते, आणि उंच बाजू ताजी, रेखीव असते.

काठ तुटलेल्या नाण्याची परीक्षा तुटीच्या समोरच्या बाजूला होते. पत्र्यावरील आधीच्या भोकावर कापणी पडली, तर चकती मुळातच अपुरी असते. काठ उचलताना तुटीच्या समोर पुरेसा दाब मिळत नाही आणि तिथला काठ दबका राहतो. शिवाय तुटीजवळची अक्षरे विरत, ओढल्यासारखी होत जातात. कानस किंवा कात्री लावलेल्या नाण्यात समोरचा काठ ठणठणीत असतो आणि अक्षर मधोमध सरळ कापलेले असते.

ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या कडेला उचललेला धातू नखाला लागतो. ठशात वंगण साचल्याने अक्षर पुसट आले असेल, तर तेथील पृष्ठभाग आसपासच्या भागासारखाच दिसतो. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी बारीक समांतर रेघा राहतात.

छाप सरकलेल्या नाण्यात वजन पूर्ण भरते, एका बाजूला कोरी चंद्रकोर सुटते आणि उरलेली छाप स्पष्ट असते. भुसावळकडे पोरे रुळावर ठेवून चपटी करतात त्या नाण्यांचेही वजन जवळपास पूर्ण भरते. पण त्यांची अक्षरे पसरून फुगलेली असतात. तापीत टाकलेली आणि पुढे वाळूत सापडलेली नाणी खड्डेदार व हलकी होतात. ते गंजाचे काम आहे, चकतीच्या दोषाचे नव्हे.

ठसा फिरल्याची शंका असल्यास नाणे उभे धरून डावीकडून उजवीकडे फिरवावे. आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांची दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. थोडासा कल फारसा मोलाचा नसतो, पूर्ण उलटी बाजू मात्र जपून ठेवावी.

सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या चांदीच्या रुपयांवर काठाशी डाग किंवा फुगवटा आढळला, तर आधी माळेत ओवण्यासाठी जोडलेल्या कडीचा डाख शोधावा. 11.66 ग्रॅमच्या रुपयाचे वजन थोडे जास्त भरले, तर तो डाखच असण्याची शक्यता अधिक. शंका असलेले कोणतेही नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण ज्या खुणांवरून निर्णय करायचा, त्याच त्यात पुसल्या जातात.