सनरूफवाली जुनी सेडान? पावसाळ्याआधी हे बघा
सेकंडहँड लक्झरी सेडान घेतली आणि पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचं कार्पेट ओलंचिंब. दाराचं रबर बदललं, फरक नाही. तुंबला होता सनरूफचा निचरा, म्हणजे सनरूफच्या कडेला साचणारं पाणी गाडीखाली नेणाऱ्या बारीक नळ्या.

१. गाडी सपाट जागी लावून सनरूफ पूर्ण उघडा. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक भोकं दिसतील.
२. सनरूफच्या कडेच्या पन्हळीतली माती, पानं ओल्या फडक्याने टिपा.
३. एकेका भोकात अर्धा कप पाणी हळूहळू ओता. ते पुढच्या चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी खाली गळायला हवं. साचून राहिलं तर ओतणं थांबवा.
४. मग गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हलकेच आत सारा.

तार किंवा कॉम्प्रेसरची हवा मुळीच नको. नळी आतल्या सांध्यातून निसटली, तर छताचं अस्तर उतरवावं लागतं.

गाडी घेण्याआधी, मालकाला विचारून, हेच करून बघा.