क्लोरीनचं ३५.४५ येतं कुठून?

३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू सापडणार नाही. निसर्गात त्याची दोन स्थिर समस्थानिके आहेत. दोन्हींत प्रोटॉन १७च, न्यूट्रॉन मात्र एकात १८, दुसऱ्यात २०. आवर्तसारणीच्या तक्त्यातला ३५.४५ हा आकडा म्हणजे त्यांच्या वस्तुमानांची भारित सरासरी, म्हणजे ज्याचं प्रमाण जास्त त्याला जास्त वजन देऊन काढलेली.

आधी निसर्गातल्या प्रमाणाच्या टक्केवारीला १०० ने भागा: क्लोरीन-३५ च्या ७५.७६ चे ०.७५७६, क्लोरीन-३७ च्या २४.२४ चे ०.२४२४. बेरीज १ येते ना, तेवढं बघून घ्या. मग प्रत्येक वस्तुमानाला त्याच्या वाट्याने गुणा:

३४.९६९ × ०.७५७६ = २६.४९३
३६.९६६ × ०.२४२४ = ८.९६१

बेरीज ३५.४५४, म्हणजे ३५.४५ u (u हे अणुवस्तुमानाचं एकक). इथे पुन्हा दोनने भागायचं नाही. हमखास चूक होते ती इथेच. नुसती सरासरी काढली तर ३५.९७ येईल, कारण मग हलक्या अणूंची तिप्पट गर्दी हिशेबातच येत नाही. वस्तुमानाऐवजी ३५ आणि ३७ हे अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज) घेतले तर ३५.४८, शाळेच्या गणिताला चालेल, प्रयोगशाळेत नाही.

उलटं गणित आलं, म्हणजे सरासरी दिली आणि वाटे विचारले, तर एक वाटा x आणि दुसरा (१ − x) धरा. तांब्यासाठी: ६२.९३०x + ६४.९२८(१ − x) = ६३.५४६. x ≈ ०.६९२, म्हणजे तांबे-६३ सुमारे ६९ टक्के. सरासरी जास्त प्रमाणातल्या समस्थानिकाच्या वस्तुमानाकडे झुकलेली नसेल, तर वाटे उलटे लागलेत.