एनजिनएक्स-अपाची बंद करताना उरलेली पीआयडी फाइल: पुसण्याआधीची तयारी

लॉगिन, रूटचे अधिकार, कॉन्फिगचा बॅकअप हे धरूनच चालतो. एनजिनएक्स आणि अपाची हे वेब सर्व्हर, चालू असताना आपल्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) नंबर पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवतात. पहिलं काम म्हणजे ही फाइल उघडून आतला नंबर वाचा आणि त्या नंबरवर आत्ता कोण चालू आहे ते पीएस या कमांडने बघा. फाइल पुसायची ती त्यानंतर. आधी नाही.

'किल -९' हा जबरदस्तीने संपवणारा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, आवराआवर करायला क्षणही मिळत नाही, म्हणून फाइल मागे राहते. पुढे लिनक्स तोच नंबर दुसऱ्या कुणाला देतं. तो आज तुमच्या डेटाबेसचा असेल, तर स्टॉप स्क्रिप्ट डोळे झाकून डेटाबेसच बंद करेल. उलटंही होतं. फाइल शिळी समजून पुसली आणि एनजिनएक्सची मास्टर प्रोसेस (मुख्य, बाकी वर्कर प्रोसेसना सांभाळणारी) जिवंत निघाली. साइट चालू असते, कुणाला संशय येत नाही. मग सर्टिफिकेट रिन्यू होतं, रीलोडला (नवे बदल वाचायला लावणाऱ्या कमांडला) पीआयडी फाइल सापडत नाही, आणि नवं सर्टिफिकेट डिस्कवर असूनही लोकांना जुनंच जात राहतं, थेट मुदत संपेपर्यंत. म्हणून नंबर कोणाचा ते बघा! 'किल -०' (प्रोसेस आहे का एवढंच तपासणारी कमांड) वर भागवू नका. कोणीतरी आहे एवढंच त्यातून कळतं, कोण ते कळत नाही. नाव वाचा. मास्टरच आहे ना, वर्कर नाही ना, तेही बघा.

जिवंत असेल तर एनजिनएक्सला क्विट, अपाचीला विंच (WINCH) सिग्नल द्या आणि चालू रिक्वेस्ट संपू द्या. खरंच थांबा, घाईने -९ मारलंत तर पुन्हा शिळी फाइल उरेल. जिवंत मास्टरची फाइल आधीच पुसली गेली असेल, तर त्याचा नंबर शोधून फाइलमध्ये परत लिहा.

अपवाद एकच, कंटेनर (डॉकरसारख्या साधनाने अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात चालवणं). तिथे पहिल्या प्रोसेसचा नंबर कायम १, त्यामुळे जुन्या फाइलमधला १ वाचून अपाची 'आधीच चालू आहे' म्हणत अडू शकतो. तिथे सुरू करण्याआधी फाइल पुसणंच बरोबर. अपाचीची अधिकृत डॉकर इमेजही तेच करते. बाकी सगळीकडे आधी नंबर.

युनिक्स सॉकेटची (एकाच मशीनवरच्या प्रोसेसना आपसात बोलायला लागणारी) फाइलही अशीच उरते आणि एरर ९८, म्हणजे 'पत्ता आधीच वापरात', येते. तिथेही आधी कोण ऐकतंय ते बघा, मग पुसा. पीआयडी फाइल जिथे सहसा असते तो /run फोल्डर रीबूटला रिकामा होतो, अ‍ॅपच्या फोल्डरमधली फाइल तशीच राहते. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये, पीआयडी फाइलचा पाथ बरोबर द्या, सर्व्हिस थांबल्यावर उरलेली फाइल ते स्वतः काढतं. पोर्ट ८० आणि ४४३ मोकळे आहेत ना? मग स्टार्ट, एरर लॉग बघा, आणि कर्ल कमांडने साइट एकदा उघडून बघा.