कायोटीसाठी फास: आधी कुंपणाखालची वाट शोधा

अमेरिकेतल्या शेतावर कायोटी (लांडग्यासारखं, पण त्याहून लहान रानटी जनावर) कोकरांच्या मागे लागले असतील, तर फास कुठेही टांगून काही हाती लागत नाही. कुंपणाच्या कडेने सावकाश चालत जा. जाळीखाली माती घासून गुळगुळीत झाली असेल आणि खालच्या तारेला केस अडकलेले दिसले, तर ती त्यांची रोजची ये-जा समजा. अशा बोगद्यात फास जमिनीलगत, त्या भोकाच्या मापाचा बसवायचा. मोकळ्या पायवाटेवर मात्र वेटोळं साधारण 10 ते 12 इंचांचं आणि त्याची खालची कड जमिनीपासून तितकीच वर. लाल खोकडासाठी (आपला कोल्हा वेगळा बरं का!) 7-8 इंचांचं वेटोळं पुरतं.

साधी तार नको, पीळ घातलेली बारीक पोलादी दोरी घ्या. खुंटीजवळ फिरती कडी हवीच, नाहीतर जनावर गरगर फिरून दोरीला पीळ पाडतं आणि तोडतं. हरणाचा पाय सुटावा म्हणून फास ठरावीक मापाखाली आवळू न देणारा अटकाव लावतात. परवाना, अटकाव, तपासणीची मुदत यांचे नियम राज्यागणिक बदलतात, काही राज्यांत फासच चालत नाही. नियम काहीही सांगो, फेरी रोज सकाळी माराच. शेजाऱ्यांची कुत्री फिरतात तिथे फास नकोच.

हे वाचून गावाकडे प्रयोग करू नका. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कोल्हा-खोकडासाठी फास लावणं गुन्हा आहे.