नऊ महिने बंद असलेला एसी एप्रिलमध्येच का बिघडतो? या चुका टाळा

कोल्हापुरात एसी म्हणजे वर्षातले तीन महिने राबणारा गडी. मार्चच्या मध्याला तो कामाला लागतो, मे महिन्यात वळीव पडायला लागले की एक दिवसाआड सुट्टी घेतो आणि मृगाच्या पावसाबरोबर भिंतीवर शोभेला उरतो तो थेट पुढच्या मार्चपर्यंत. त्यामुळं आपल्याकडचा एसी वापरून झिजत नाही, पडून राहून बिघडतो. आणि तो बिघडलाय हे कळतं एप्रिलमध्ये, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास. तेव्हा मेकॅनिकचा फोन लागत नाही, लागला तर तो सांगेल ते खरं आणि मागेल तो भाव.

आधी माझीच चूक सांगतो. आमचं आउटडोअर युनिट गच्चीवर आहे. एका जूनमध्ये आई म्हणाली, "एवढ्या पावसात मशीन भिजतंय, झाक की रे." मी निळी ताडपत्री आणली आणि चारी बाजूंनी सुतळीनं करकचून बांधली. मार्चमध्ये सोडली तर आत उंदरानं संसार थाटलेला. वायरी कुरतडलेल्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर पांढरी भुकटी, पंख्याची मोटर जाम. मोटर, वायरिंग आणि मजुरी धरून साडेचार हजार गेले. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हे पावसात उभं राहायलाच बनवलंय. तुम्हीच कोंडून मारलंसा त्याला."

बरोबरच होतं त्याचं. आउटडोअरला पावसाची भीती नसते. त्याला नडते ती कोंडलेली ओल आणि उंदरा-पालींना मिळालेला आयता निवारा. झाकायचंच असेल तर फक्त डोक्यावर पत्रा ठेवा, बाजू मोकळ्या सोडा.

खरी काळजी घ्यायची ती इनडोअरची, तीही बंद करण्याच्या दिवशी. शेवटचा एसी लावला, रिमोटनं बंद केला आणि विसरलो, असं बहुतेक घरांत होतं. आतली कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, तेव्हा ओलीच असते. त्यात आपला चार महिन्यांचा दमट पावसाळा. मग मार्चमध्ये एसी लावला की तळघरासारखा कुबट वास येतो आणि ब्लोअरवर, म्हणजे आतल्या पंख्यावर, काळी बुरशी दिसते. बंद करण्याआधी दोन-तीन तास नुसता फॅन मोडवर चालवा, फिल्टर धुऊन सावलीत वाळवा, रिमोटमधले सेल काढा आणि एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा एसीचा मेन स्विच, पाडा. दसरा-दिवाळीनंतर महिन्यातून एकदा दुपारी पंधरा-वीस मिनिटं चालवला तर फारच चांगलं. मात्र थंडीत खोलीच गार असते, त्यामुळं २४ वर ठेवून कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबून फिरवणारा पंप, सुरूच होत नाही. तेव्हा १६-१८ वर ठेवा.

"गॅस संपलाय"

या दोन शब्दांनी कोल्हापुरात जेवढे पैसे खिशातून गेले असतील तेवढे दुसऱ्या कुठल्या बिघाडानं गेले नसावेत. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं. साधारण अडीच-तीन हजार देऊन गॅस भरून घ्यायचा आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच.

पाइपवर बर्फ दिसला म्हणून लगेच गॅसवर जाऊ नका. फिल्टर धुळीनं गच्च असेल, ब्लोअर मंद असेल तरी बर्फ धरतो. आधी फिल्टर धुवा. तरीही गॅसच कमी निघाला तर मेकॅनिकला विचारा, "गळती कुठं आहे, दाखवा." साबणाच्या पाण्याचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पुष्कळदा दोष निघतो तो आउटडोअरला पाइप जोडतात त्या फ्लेअर नटमध्ये. तिथं दिसला नाही तर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघतात.

भरतानाही दोन गोष्टी बघा. आउटडोअरच्या स्टिकरवर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. नवा गॅस पूर्ण भरायचा असेल तर सिलिंडर काट्यावर ठेवून, मोजून भरला पाहिजे. आणि त्याआधी व्हॅक्यूम पंप निदान वीस-पंचवीस मिनिटं लावला पाहिजे. "थोडा गॅस मारून हवा काढतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. हल्लीच्या बहुतेक एसींमध्ये आर-३२ असतो, काहींत आर-२९०. दोन्ही पेट घेणारे आहेत, आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचाच. पाइपमध्ये गॅस असताना ब्रेझिंगची, म्हणजे तांब्याला डाग देण्याची, ज्योत लावू देऊ नका.

ज्यांचं घर जयंती नाल्यासारख्या सांडपाण्याच्या नाल्याकाठी आहे त्यांची गोष्ट वेगळी. नाल्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडनं तांबं काळं पडतं आणि कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. एक भोक बुजवलं की महिन्याभरात शेजारी दुसरं. अशा ठिकाणी गॅस भरत बसू नका, कॉइलच बदला आणि संरक्षक थर दिलेली घ्या.

काजळी आणि कपॅसिटर

गार होत नाही म्हटलं की लोक इनडोअर उघडतात. आपल्याकडं आधी आउटडोअर बघावं, कारण दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाचा हंगाम. फडात पाचट पेटतं, कारखान्यांच्या चिमण्या धुमसतात. कसबा बावड्याकडच्या कुणालाही विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते ती काय असते. तीच आउटडोअरच्या पात्यांत बसते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. एमसीबी पाडून साध्या पाइपच्या पाण्यानं हळूच धुवा. गाडी धुवायचा प्रेशर पंप लावलात तर पाती वाकतात आणि हवेची वाट चोंदते.

जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर "हूं" करतो आणि थांबतो. "कॉम्प्रेसर बसला, दहा-बारा हजार लागतील," असं ऐकायला येईल. आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा, मीटरवर तपासायला लावा. त्याच्यावर आकडा छापलेला असतो. मीटर त्याच्या बराच खाली दाखवत असेल तर काही शे रुपयांत काम होतं.

इन्व्हर्टर एसीत महागडा भाग म्हणजे पीसीबी, एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो आपल्याकडं जातो बहुधा वळवात. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, वीज पडली तर वाचवत नाही. आभाळ गडगडायला लागलं की एमसीबी पाडा. बदललेला जुना पार्ट मात्र मागून घ्या, मग तो पीसीबी असो की मोटर. खरंच बदललाय का हे कळायला दुसरा उपाय नाही.

पुराच्या पट्ट्यात, म्हणजे सुतारवाडा, कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग, आउटडोअर जमिनीवर बसवूच नका. २०१९ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगायला नको. युनिट बुडालंच असेल तर "चालतंय का बघू" म्हणून बटण दाबू नका. गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, तपासून घेतलं तर बरंच काही वाचतं. ओल्यात वीज दिली की पीसीबी गेलाच.

वॉरंटीचं थोडक्यात. "दहा वर्षं" लिहिलेलं असतं ते साधारणपणे कॉम्प्रेसरला. गॅस, मजुरी, येण्याचा चार्ज वेगळा. कार्ड आत्ताच काढून वाचा.

दुरुस्ती की नवा?

दुकानदार सांगतो, जुना टाका, फाइव्ह स्टार घ्या, वीज वाचेल. पण स्टार लेबलवरचे विजेचे युनिट वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेले असतात. आपल्याकडं रात्रीचे सहा-सात तास, तीन महिने, म्हणजे साधारण ६०० तास. लेबलवर दोन मॉडेलमध्ये २०० युनिटचा फरक असेल तर तुम्हाला पडणार ७५ युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेसातशे रुपये. एवढ्यासाठी चालता एसी काढण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या चौथाईच्या आत असेल तर करून घ्यावी. अपवाद आर-२२ गॅसच्या जुन्या एसीचा. तो गॅस जगभर बंद होत चाललाय. अशा एसीची कॉइल फुटली तर भंगारवाल्यालाच बोलवा.

आणि एक राहिलं. इनडोअरमधून पाणी गळतंय म्हणून बोलावलेला मेकॅनिक पाचशे घेतो आणि बऱ्याचदा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या बाहेरच्या तोंडातून मातीचा गोळा काढून दाखवतो. कुंभारीण माशीनं वापरात नसलेल्या पाइपात घर केलेलं असतं. जूनमध्ये त्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधून टाका.