शब-ए-बरातची रात्र कशी करायची : आधी माणसांची माफी, मग नफिल (जादा नमाज)

शाबानचा (रमजानच्या आधीच्या महिन्याचा) चांद दिसला की तेव्हापासूनच दिवस मोजायला लागा, कारण शब-ए-बरात, माफीची रात्र, म्हणजे शाबानची 14 तारीख मावळल्यावर जी रात्र लागते ती, 15 वी. आपल्याकडं तारीख मगरीबला (सूर्य मावळल्यावर) बदलते हे नवीन पोरांना माहिती नसतंय आणि मग दुसऱ्या दिवशी रात्री जागत बसतात. इंग्रजी तारीख दरवर्षी 10-11 दिवस अलीकडं येते, 2020 ला लॉकडाऊनमध्ये एप्रिलात आली होती, 2025 ला 13 फेब्रुवारीला. कॅलेंडरवर छापलेली तारीख चांदाप्रमाणं एक दिवस इकडंतिकडं होऊ शकते, म्हणून मशिदीत विचारून घ्या.

आता तयारी. हलवा, अगरबत्ती, टोपी-अत्तर हे सगळं नंतर. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आलंय की या रात्री अल्लाह आपल्या बंद्यांना माफ करतो, पण शिर्क करणारा (अल्लाहबरोबर दुसऱ्याला मानणारा) आणि दुसऱ्याबद्दल मनात कीना (आकस) धरणारा हे दोघं सोडून. म्हणजे रात्रभर शंभर रकाती (नमाजचे फेरे) पढल्या आणि सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे तर काय उपयोग, सांगा. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आठ दिवस आधी एक कागद घ्या आणि कुणाकुणाचं आपल्याकडं काय राहिलंय ते लिहून काढा. किराणा दुकानाची उधारी, ऊस तोडायला आलेल्या माणसाची राहिलेली मजुरी, शेजाऱ्याचं आणलेलं भांडं, कुणाला चारचौघात बोललेला वाईट शब्द, सगळं.

यात सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या भागात बहिणीचा हिस्सा. वडील गेले की आठवड्याभरात तलाठ्याकडं जायचं, बहिणीला चहा पाजायचा, हक्कसोड पत्रावर सही घ्यायची आणि ती बिचारी माहेर तुटू नये म्हणून गप सही करते. कुरआनात सूरह निसामध्ये स्पष्ट आहे, भावाला दोन वाटे तर बहिणीला एक, तो एक वाटा अल्लाहनं दिलेला आहे, भावानं दिलेला नाही. तो दाबून ठेवून या रात्री रडून दुवा मागायची हे मला पटत नाही. सगळी जमीन एका दिवसात वाटून होत नाही हे मान्य आहे, पण बहिणीला फोन करून, आपा, तुझा हिस्सा माझ्याकडं आहे आणि तो मी देणार आहे, एवढं तरी बोलता येतंय आणि ते घरात चार माणसांसमोर बोला म्हणजे मागं फिरता येणार नाही. बायकोच्या मेहेरचं पण तसंच, निकाहनाम्यात लिहिलेली रक्कम वर्षानुवर्षं तशीच पडून असते.

माफी मागायची ती त्या माणसाकडं जाऊन किंवा निदान फोन करून. स्टेटसला "जाने-अनजाने में कोई गलती हुई हो तो माफ करना" टाकून ती होत नाही, ज्याला दुखवलंय तो ते स्टेटस बघून आणखी दुखतो. माणूस वारला असेल तर त्याच्यासाठी दुवा करा, त्याच्या नावानं सदका (दान) द्या, पैसे देणं असेल तर वारसांना द्या. आणि शेजारच्या पाटील काकूंशी पार्किंगवरून वाद झाला असेल तर त्यांचीही माफी मागायचीच, हक्क माणसाचा असतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

हलवा करायचा का? इबादतीचा भाग नाही तो, रिवाज आहे, पण वाटायला चांगला. चण्याच्या डाळीचा करायचा असेल तर अर्धा किलो डाळ आदल्या रात्री भिजत घाला, दुधात मऊ शिजवून दूध पूर्ण आटवा, मिक्सरला बारीक करा आणि पाव किलो तुपात मंद आचेवर परता, हात दुखतो पण थांबायचं नाही, कडेनं तूप सुटलं की अर्धा किलो साखर, वेलदोडे, वरून तासगावचा बेदाणा. ताटाला तूप लावून थापा आणि वड्या पाडा. दुपारीच उरका हे, नाहीतर घरातल्या बाया रात्री दहापर्यंत गॅससमोर उभ्या आणि इबादत फक्त पुरुषांची असं होतंय. कर्ज काढून करू नका. पहिलं ताट ज्याच्या घरी चूल थंड आहे तिकडं जाऊ द्या.

कब्रस्तानात शक्यतो असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजनंतर) जाऊन या, रात्री फार गर्दी असते. हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, या रात्री जन्नतुल बकीला (मदिनेच्या कब्रस्तानात) गेले होते असं त्यांच्या पत्नी हजरत आयेशांच्या रिवायतीत (सांगण्यात) येतं, त्यावरून हा रिवाज आहे. आत गेल्यावर सलाम करा, कबरीवर पाय पडू देऊ नका, टेकून बसू नका, वाळलेलं गवत काढा, सब्जा ठेवायचा तर ठेवा, फातिया (मयतांसाठीची दुवा) पढा आणि ज्यांचं आता कुणीच येत नाही त्या कबरींसाठी पण दुवा करा. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याकडं बरेच जण जातात, गेलात तर गाडी लांब लावून चालत जा.

रात्रीसाठी ठरवून दिलेली अशी खास नमाज नाही, हे आधी डोक्यात घ्या. काही लोक मगरीबनंतर सहा रकात नफिल आणि तीनदा सूरह यासीन पढतात, काही उलेमा (धर्माचे जाणकार) म्हणतात की असं खास काही साबित नाही, दोघांशी वाद घालू नका, निदान या रात्री तरी. ईशा (रात्रीची नमाज) जमातीनं (सगळ्यांबरोबर) पढा. मग ज्यांच्या नमाजा राहिल्यात त्यांनी आधी कजा पढाव्यात, माझ्या मते नफिलपेक्षा ते जास्त गरजेचं. जमत असेल तर सलातुल तस्बीह, चार रकात, प्रत्येक रकातीत 75 वेळा तस्बीह (अल्लाहची स्तुती) असे एकूण 300, मोजायला गडबड होते म्हणून सावकाश. मधे थोडं झोपलात तरी चालतंय. ज्या बायकांना नमाजची सुट्टी आहे त्यांनी दरूद (हुजूरांवर सलाम), इस्तगफार (माफी मागणं), दुवा करावी, त्यांच्यासाठी रात्र बंद नसते. शेवटच्या पहरात लाइट बंद करून एकट्यानं तौबा करा आणि गुनाहचं नाव घेऊन करा, नुसतं "माफ कर" नको. तो गुनाह सोडायचा, त्याची लाज वाटायला पाहिजे, परत करणार नाही असं मनात पक्कं करायचं, आणि माणसाचं काही असेल तर परत द्यायचं.

पोरांना बाइकवर फिरू देऊ नका, फटाके नकोत, रात्री दहानंतर स्पीकर बंद, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते आणि आजूबाजूला पोरं अभ्यास करत असतात.

आणि फजर (पहाटेची नमाज) चुकवू नका. ईशा आणि फजर दोन्ही जमातीनं पढल्या तर पूर्ण रात्र इबादत केल्यासारखं आहे असं सहीह हदीसमध्ये आहे, त्यामुळं सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला किंवा कारखान्यात शिफ्टला जायचं असेल तर बारापर्यंत जागा, झोपा, पण फजरला उठा. 15 ला रोजा ठेवायचा असेल तर सहेरी (पहाटेचं खाणं) करून, फजर पढून मगच झोपा, शुगरची गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच. मागच्या रमजानचे रोजे राहिले असतील, बायकांचे राहतातच, तर या दिवशी नफिलऐवजी कजाची नीयत करा, पुढचा रमजान पंधरा दिवसांवर असतो.