बागेसाठी कळसूबाई चढताय? या चुका टाळा

वॉर्डातल्या सार्वजनिक बागेसाठी निधी हवा, म्हणून गटाने कळसूबाई चढायची, ही कल्पना लोकांना पटकन आवडते. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. मीटरमागे एक रुपया धरला तर एका देणगीदाराचे १६४६ रुपये होतात. हिशेब सोपा आहे, पण त्यातच पहिली आणि सगळ्यात धोक्याची चूक दडलेली असते.

देणगी माथ्याशी बांधू नका. ‘वर पोहोचलात तरच पैसे’ असं ठरलं की ढग दाटले, कुणाला चक्कर आली, तरी गट मागे फिरायला तयार होत नाही. या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. त्या ओल्या झाल्या की पाय सटकतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाच्या विजा कडाडू लागल्या की तिथे अडकणं म्हणजे जिवाशी खेळ. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा आणि आवाहनातच लिहा: ‘हवा बिघडली तर अर्ध्यातून परत येऊ, तुमचे पैसे तरीही बागेलाच जातील.’ हे वाचून हात आखडता घेणारा देणगीदार गेला तर जाऊ द्या.

तारीख निवडताना पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडा, तेव्हा शिड्यांवर रांग लागते. नवरात्रही सोडा, ते दिवस माथ्यावरच्या देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांचे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आडवार उत्तम. पायथ्याच्या बारी गावात जेवण सांगा, वाटाड्याही तिथलाच घ्या. हा परिसर अभयारण्याचा आहे, त्यामुळे बॅनर, फुगे, कागदी पताका वर नेऊच नका.

आता बागेकडे. बाग महापालिकेची किंवा नगरपालिकेची असते, तिथे आपल्या मनाने बाकडंसुद्धा बसवता येत नाही. आधी पैसे जमवायचे आणि मग उद्यान विभागात जायचं, हा क्रम उलटा आहे. त्याच कामाची निविदा आधीच निघालेली असू शकते. काय करायचं आणि नंतर देखभाल कोणाकडे, हे लेखी घ्या. पत्राला उशीर होत असेल तर फक्त नावं आणि आकडे लिहून घ्या, रक्कम स्वीकारू नका.

पैसे कुणा एकाच्या यूपीआयवर घेणं तर टाळाच. माणूस कितीही सज्जन असला तरी घरखर्च आणि देणगी एकाच खात्यात आली की शंका येतेच. नोंदणीकृत न्यासाला सोबत घ्या. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असलेल्यांना आधीच सांगा, की ती त्या न्यासाला मान्यता असेल तरच मिळते आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवणार असतील तर पासपोर्ट विचारा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी विदेशी देणगी ठरते, ती एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखाली परवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. गाडी, जेवण, टी-शर्ट यांचा खर्च चढणाऱ्यांनी स्वतः करावा. देणगीतून केलात तर बागेच्या नावाने सहल काढल्यासारखं होईल.

मला सगळ्यात जास्त खुपते ती चूक सहज दिसत नाही. रोपं लावायला पैसे देणारे भेटतात, चैत्र-वैशाखात त्यांना पाणी घालणाऱ्या माळ्याच्या मजुरीला कुणी पुढे येत नाही. जूनमध्ये फोटोसकट लावलेली रोपं पुढच्या मेपर्यंत काटक्या होतात. म्हणून निधी मागतानाच माळी, पाण्याची पाइप आणि आळी करणं हे सगळं निदान तीन उन्हाळ्यांसाठी धरा आणि रोपांची संख्या त्या हिशेबाने कमी करा. बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब अशी आपली झाडं घ्या. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा फरशी होणार नाही, हे उद्यान विभागाच्या पत्रातच लिहून घ्या.

शब्द दिलेले पैसे आले नाहीत तर? उतरून आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला स्वतः फोन करा, सामूहिक निरोपाला कुणी उत्तर देत नाही. तरीही कमी पडले तर बाकडी कमी करा. पाण्याच्या पैशांना हात लावू नका.